चार शहरं, एक समुद्र आणि आभाळातून पडलेला झेंडा

डेन्मार्कमध्ये वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्यांच्या जोडीला इवलेइवले कागदी झेंडे खोचतात. लाल रंग आणि त्यावर पांढरा क्रॉस. हा झेंडा आभाळातून पडला, अशी तिथली जुनी कथा आहे. तो नेमका कुठे पडला, हे या लेखाच्या शेवटी कळेल, कारण तिथवर पोचायला एक पूल, एक बोगदा आणि दोन जहाजं लागतात.

कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी आणि टालिन ही उत्तर युरोपातली चार शहरं विमानानं केली, तर चार वेगळ्या सहली होतात. रेल्वेनं आणि बोटीनं केली, तर बाल्टिक समुद्राची एकच सलग गोष्ट होते. दहा-बारा दिवस हाताशी असतील तर दुसरा मार्ग धरा. वाटेत काय काय बघायचं, ते बघा.

कोपनहेगन: छोटी परी, मोठे हत्ती

सव्वा मीटरची राणी. बंदरातल्या दगडावर बसलेली ‘छोटी जलपरी’ खरंच छोटी आहे, जेमतेम सव्वा मीटर उंच. शिल्पकार एडवर्ड एरिक्सन यांनी घडवलेली ही परी १९१३ पासून तिथे बसली आहे. १९६४ मध्ये तिचं डोकं कुणीतरी करवतीनं कापून नेलं, १९८४ मध्ये हात गेला आणि १९९८ मध्ये पुन्हा डोकं. दर वेळी कोपनहेगननं तिला पूर्ववत केलं. सकाळी लवकर जा. टूरच्या बस येण्याआधी ती आणि पाणी, दोघंच असतात.

पाठीवर स्वस्तिक. कार्ल्सबर्ग बिअरच्या जुन्या कारखान्याच्या दाराशी दगडाचे चार हत्ती उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर ठसठशीत स्वस्तिक आहे. मराठी माणूस तिथे थबकतोच. हे दार १९०१ चं, म्हणजे नाझी पक्षाच्या जन्माआधीचं. शुभचिन्ह म्हणून कारखान्याच्या मालकांनी ते वापरलं होतं. नाझींनी ते बळकावल्यावर कारखान्यानं १९३० च्या दशकात त्याचा वापर थांबवला. हत्तींवरचं मात्र तसंच राहू दिलं.

उताराचा मनोरा. राजा चौथा क्रिस्तियान याच्या काळात, १६४२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘गोल मनोऱ्या’त वर जायला विटांचा गोल फिरत जाणारा उतार आहे. साडेसात फेरे घातले की माथ्यावर वेधशाळा. रशियाचा झार पीटर १७१६ मध्ये इथून घोड्यावर बसून वर गेला, असं सांगतात. गुडघे दुखणाऱ्यांनाही इथली चढण जमण्यासारखी आहे.

ब्रेक लावणारा माणूस. मुख्य रेल्वे स्थानकासमोरच टिवोली ही बाग आहे. ती १८४३ मध्ये सुरू झाली. तिथल्या लाकडी रोलर कोस्टरचं वय शंभरीपार आहे, तो १९१४ चा. गंमत म्हणजे आजही प्रत्येक गाडीत एक माणूस बसतो आणि वळणावळणावर हातानं ब्रेक लावतो.

मीठ आणि मिरी. आता स्वीडनची गाडी पकडा. ओरेसुंड सामुद्रधुनी ओलांडणारी वाट सुमारे १६ किलोमीटरची आहे. डेन्मार्ककडून निघालं की आधी समुद्राखालचा बोगदा, मग माणसानं बनवलेलं बेट आणि मग पूल. सगळाच पूल का नाही? कारण विमानतळ अगदी लागून आहे, तिथे पुलाचे उंच खांब विमानांच्या आड आले असते. १ जुलै २००० रोजी ही वाट खुली झाली. शेजारी ‘मिठाचं बेट’ या अर्थाच्या नावाचं जुनं बेट होतं, म्हणून नव्याचं नाव पडलं ‘मिरीचं बेट’, पेबरहोल्म. तिथे काही पेरायचं नाही असं ठरलं आणि वाऱ्या-पाखरांनी आणलेल्या बियांतून ते आपोआप हिरवं झालं. खिडकीची जागा मिळवाच.

स्टॉकहोम: बुडालेलं जहाज आणि टोपी घातलेला मुलगा

१३०० मीटरचा प्रवास. या शहरात एकच गोष्ट बघायला वेळ असेल, तर ‘वासा’ बघा. ६४ तोफांची ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्यांदा निघाली आणि सुमारे १३०० मीटर जाऊन, काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. ती डगमगते, हे आधीच कळलं होतं. तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवून चाचणी घेतली, तेव्हा ती इतकी कलली की पळापळ थांबवावी लागली. पण राजाला घाई होती. पुढे चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही.

२४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, ती वर काढली आणि बघतात तर जवळजवळ अख्खी! याचं श्रेय बाल्टिक समुद्राला. त्याचं पाणी इतकं कमी खारट आहे की लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात जगतच नाही. संग्रहालयात शिरल्यावर लगेच फलक वाचत बसू नका. अंधारात डोळे सरावू द्या, मग समोर चार-पाच मजली उंचीचं काळपट ओकचं लाकूड आणि त्यावर कोरलेले सिंह हळूहळू उमटतात.

निळा नसलेला निळा दिवाणखाना. दर १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते ती नगरभवनाच्या ‘निळ्या दालना’त. दालन लाल विटांचं आहे. वास्तुविशारद राग्नार ओस्टबेरी ते निळं रंगवणार होते, पण उघड्या विटा बघून त्यांचं मन बदललं. रंग बदलला, नाव तेच राहिलं.

तिकिटात चित्रप्रदर्शन. स्टॉकहोमच्या मेट्रोची सुमारे १०० स्थानकं आहेत आणि त्यांतल्या ९० हून अधिक स्थानकांत कलाकारांचं काम आहे. टी-सेंट्रालेनच्या गुहेवर निळ्या वेली चढल्या आहेत, स्टादिओनला खडकावर इंद्रधनुष्य आहे, सोल्ना सेंट्रुमचं छत तांबडं भडक. इथे दुपार मजेत जाते.

पंधरा सेंटिमीटर. राजवाड्याजवळच्या फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात गुडघ्यांना हातांची मिठी मारून एक मुलगा वर चंद्राकडे बघत बसलाय. लिस एरिक्सन यांचं हे शिल्प वीतभरही नाही, १५ सेंटिमीटर. थंडी पडली की कुणीतरी येऊन त्याच्या मापाची लोकरी टोपी घालून जातं, गळ्यात बोटभर रुंदीचा मफलर गुंडाळतं. लोक समोर नाणी ठेवतात. सगळ्यांनी डोक्यावरून हात फिरवून फिरवून त्याचं टक्कल चकाकतंय. त्याला बघायला खाली वाकावंच लागतं.

रस्त्याची बाजू बदलली तो दिवस. स्वीडनमध्ये पूर्वी आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता अख्खा देश उजवीकडे सरकला. १९५५ च्या जनमत कौलात लोकांनी मोठ्या बहुमतानं नकार दिला होता, तरीही. आपण मात्र लक्षात ठेवायचं: रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. चारही शहरांत हाच नियम.

फिका, पण गोड. स्वीडिश लोकांच्या कॉफीच्या सुट्टीला ‘फिका’ म्हणतात. सोबत घ्यायचा तो वेलचीचा बन, कार्देमुम्माबुल्ले. कणकेच्या पट्टीला पीळ देऊन मारलेली गाठ, वर साखर आणि ओबडधोबड कुटलेली वेलची. पूड नाही, दाणा दाताखाली येतो. गरम बन फोडला की श्रीखंडाच्या वाटीची आठवण येते. घरापासून इतक्या लांब असा वास भेटला की बरं वाटतं.

रात्रीचं जहाज. संध्याकाळी हेलसिंकीच्या बोटीत बसा. स्टॉकहोमबाहेर लहानमोठी मिळून सुमारे ३०,००० बेटं आणि खडक आहेत. त्यांच्यामधून जहाज तासन्‌तास वाट काढत जातं, म्हणून जेवणाआधी डेक गाठा. मध्यरात्रीच्या सुमारास ते ओलांड बेटांवर थोडा वेळ थांबतं. ही बेटं युरोपीय संघाच्या करव्यवस्थेबाहेर आहेत, त्यामुळे तिथे थांबणाऱ्या जहाजावर करमुक्त विक्री चालते. आणि हो, झोपण्याआधी घड्याळ तासभर पुढे करा.

हेलसिंकी: खडकातलं चर्च, खिडकीतलं लोकराज्य

खडकात खोदलेलं. वेरूळच्या मुलखातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको! टेम्पेलिआउकियो चर्च १९६९ मध्ये थेट खडक फोडून केलेलं आहे. टिमो आणि तुओमो सुओमालाइनेन या भावांनी भिंतींना गिलावा केलाच नाही, वर तांब्याचा घुमट ठेवला आणि कडेनं काचा. उघड्या खडकामुळे आवाज इतका सुंदर घुमतो की इथे मैफली होतात. दहा मिनिटं गप्प बसा, एवढंच करा.

तीन झेंड्यांचा किल्ला. सुओमेनलिन्ना हा बेटांवरचा किल्ला १७४८ मध्ये स्वीडननं बांधायला घेतला, रशियाला अडवायला. १८०८ मध्ये तो रशियाच्याच हाती गेला आणि १९१८ मध्ये फिनलंडचा झाला. बाजार चौकातून पंधरा मिनिटांची फेरीबोट, आणि शहराच्या बस-ट्रामचंच तिकीट चालतं. आजही तिथे कित्येक कुटुंबं राहतात. डबा बांधून न्या आणि तटावर बसून खा.

शिलाई यंत्रं असलेलं ग्रंथालय. डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेल्या ‘ओदी’त पुस्तकं आहेतच, शिवाय शिलाई यंत्रं, थ्रीडी प्रिंटर आणि गाण्याच्या सरावाच्या खोल्याही आहेत. वरच्या मजल्याची गच्ची चौकापलीकडच्या संसदेसमोर आहे. प्रवेश फुकट, परदेशी पाहुण्यालाही.

कानाखाली एक! दालचिनीच्या फिनिश बनचं नाव आहे कोर्वापूस्ती. शब्दशः अर्थ: कानफटात. आकार कानासारखा, चव मात्र मायेची.

बोट सुटेपर्यंत

चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. चलनं मात्र तीन: डॅनिश क्रोन, स्वीडिश क्रोना आणि पुढे दोन्ही देशांत युरो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं. शीतपेयाची बाटली घेतलीच तर रिकामी फेकू नका, दुकानातल्या यंत्रात टाकली की अनामत परत मिळते. जूनअखेरीस हेलसिंकीत सुमारे १९ तास उजेड असतो, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. १९ ते २५ जूनमध्ये येणाऱ्या शुक्रवारी स्वीडन आणि फिनलंडमध्ये मिडसमर असतो. दुकानं बंद, लोक गावी. तो दिवस बोटीवर काढा.

टालिन: लंगडणारं गाव

एक पाय लांब, एक आखूड. हेलसिंकीहून दोन तासांत टालिन. वरच्या गावाकडे चढणाऱ्या दोन वाटांची नावं ‘लांब पाय’ आणि ‘आखूड पाय’. म्हणून आमचं गाव लंगडतं, असं इथले लोक सांगतात. पायांत चांगले बूट घाला, सगळीकडे गोटे बसवलेत.

डोकावून बघ स्वयंपाकघरात. तटावरच्या एका बुरुजाचं नावच ‘किक इन दे क्योक’, म्हणजे स्वयंपाकघरात डोकाव. वरून पहारेकऱ्यांना खालच्या घरांतल्या चुली दिसत. १५७७ च्या रशियन वेढ्यातले तोफगोळे अजून या बुरुजाच्या भिंतीत रुतलेले आहेत.

सहाशे वर्षांचं औषधाचं दुकान. नगरभवनाच्या चौकातल्या औषधालयाचा उल्लेख १४२२ च्या नोंदींत आहे आणि ते आजही चालू आहे. आत जुनी औषधं मांडून ठेवलीत, भाजलेल्या मधमाश्यासुद्धा. डोकेदुखीची साधी गोळी इथूनच घ्या, आठवण राहील.

वीस लाख माणसं. २३ ऑगस्ट १९८९ रोजी टालिनपासून रीगामार्गे विल्नियसपर्यंत सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात धरून साखळी केली, सोव्हिएत सत्तेविरुद्ध. ६०० किलोमीटरहून लांब. तिचं एक टोक वरच्या गावाच्या टेकडीवर होतं. दोन वर्षांत या तिन्ही शहरांचे देश स्वतंत्र झाले.

आणि झेंडा? त्याच टेकडीवर, तटाला खेटून एक शांत बाग आहे: डॅनिश राजाची बाग. १५ जून १२१९ रोजी राजा दुसरा वाल्देमार इथल्या लढाईत हरत आला होता. तेवढ्यात आभाळातून पांढऱ्या क्रॉसचा लाल झेंडा खाली आला आणि डेन लढाई जिंकले, अशी ती कथा. ‘टालिन’ हे नावच ‘डॅनिश लोकांचं गाव’ यावरून आलं, असं मानलं जातं. शहराच्या छोट्या राजचिन्हावर आजही तोच लाल रंग आणि तोच पांढरा क्रॉस आहे.

बागेतल्या बाकावर बसून खाली लाल कौलांकडे बघा. कोपनहेगनच्या केकवर खोचलेल्या त्या कागदी झेंड्याचं माहेर हे आहे. विमानानं आला असता, तर ते दोन देशांचे दोन झेंडे वाटले असते.