ब्रेक दाबूनही कंटेनर लगेच का थांबत नाही?

प्रतिनिधी, भिवंडी

मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली नाका हे भिवंडीच्या गोदामनगरीचे प्रवेशद्वार. दापोडे, वळ, पूर्णा परिसरातील गोदामांकडे निघालेले अवजड कंटेनर आणि ठाणे, डोंबिवलीकडून येणारे दुचाकीस्वार येथे एकाच रस्त्यावर येतात. कंटेनरपुढे थोडी मोकळी जागा दिसली की एखादी दुचाकी चटकन त्यात शिरते. 'मागचा ब्रेक मारेलच', हा त्यामागचा विश्वास. तो कितपत खरा आहे, याचे उत्तर सर आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात मांडलेल्या गतीच्या तीन नियमांत सापडते. शाळेत परीक्षेपुरते पाठ केलेले हे नियम नाक्यावर मात्र जीवनमरणाशी निगडित आहेत.

पहिला नियम : जडत्व

बाहेरून असंतुलित बल लागू होत नाही तोवर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. या गुणधर्माला जडत्व म्हणतात. गोदामातील हमालाला भरलेली हातगाडी हलविताना सुरुवातीला जोर लावावा लागतो. एकदा ती चालू लागली की तेवढा जोर लागत नाही, पण थांबविताना पुन्हा ताकद लावावी लागते.

ट्रकने अचानक ब्रेक लावला की ट्रकचा वेग कमी होतो. हौद्यातील माल मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. माल दोरखंडाने किंवा पट्ट्यांनी घट्ट बांधलेला नसेल, तर तो केबिनवर आदळतो. मोटारीतील प्रवाशाचेही तसेच होते. सीटबेल्ट हे त्याला रोखणारे बाह्य बल होय.

दुसरा नियम : वजन आणि वेग

वस्तूच्या वेगात ठराविक बदल घडविण्यासाठी लागणारे बल तिच्या वस्तुमानावर अवलंबून असते. स्वारासह दुचाकीचे वस्तुमान २०० किलो आणि भरलेल्या कंटेनरचे ४० टन धरल्यास, दोघांचा वेग सारख्याच दराने कमी करण्यासाठी कंटेनरला २०० पट बल लागते. दर सेकंदाला वेग ४ मीटर प्रतिसेकंदाने घटवायचा असेल, तर दुचाकीला ८०० न्यूटन पुरतात. कंटेनरला १ लाख ६० हजार न्यूटन लागतात. शिवाय एअर ब्रेकमध्ये हवेचा दाब चाकांपर्यंत पोहोचण्यात क्षणभर वेळ जातो.

या दराने ताशी ३० किलोमीटर वेगाचा कंटेनर ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबतो. वेग ताशी ६० किलोमीटर झाला की हे अंतर दुप्पट नव्हे, चौपट म्हणजे सुमारे ३५ मीटर होते. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात आणखी १७ मीटर मागे पडतात. एकूण अंतर ५० मीटरच्या पुढे जाते. पावसात ओल्या रस्त्यावर घर्षण कमी होऊन वेग घटण्याचा दर निम्म्यावर आला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतरच ७० मीटरच्या घरात पोहोचते.

तिसरा नियम : क्रिया-प्रतिक्रिया

प्रत्येक क्रियाबलास तेवढेच व विरुद्ध दिशेचे प्रतिक्रियाबल असते. टायर रस्त्याला मागे ढकलतो आणि रस्ता टायरला पुढे ढकलतो, म्हणून वाहन चालते. रस्त्यावर तेल सांडले किंवा चिखल झाला की हे ढकलणेच जमत नाही आणि चाक जागीच फिरते.

धडकेच्या वेळी कंटेनर दुचाकीवर जेवढे बल लावतो, तेवढेच बल दुचाकीही कंटेनरवर लावते. मग नुकसान दुचाकीस्वाराचेच का होते? बल सारखे असले तरी वस्तुमान २०० पट कमी असल्याने दुचाकीच्या वेगातील बदल २०० पट असतो. कंटेनर किंचित मंदावतो, दुचाकी फेकली जाते. पडताना डोके थांबण्याचा कालावधी हेल्मेटच्या आतील थरामुळे थोडा वाढतो आणि डोक्यावरील बल तेवढे कमी होते.

वळणावरचा धोका

वळताना वाहनाला वळणाच्या केंद्राकडे खेचणारे बल लागते. ते टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. वेग दुप्पट झाल्यास हे बल चौपट लागते. उंच रचलेल्या मालामुळे गुरुत्वमध्य वर गेलेला असेल, तर वेगात वळणारा कंटेनर बाहेरच्या बाजूला कलंडू शकतो. म्हणूनच वळणावर त्याच्या शेजारून दुचाकी पुढे काढणे धोक्याचे ठरते.

अवजड वाहनापुढे शिरण्यापूर्वी त्याचा वेग आणि मधले अंतर पाहणे, पावसाळ्यात हे अंतर दुप्पट ठेवणे, माल पक्का बांधणे आणि हेल्मेट व सीटबेल्ट वापरणे, एवढी काळजी प्रत्येकाच्या हाती आहे. चालक कितीही कुशल असला, तरी ४० टनांचे जडत्व त्याच्या इच्छेने कमी होत नाही.