रजा रुग्णालयाने दिली, आम्ही कधी दिली?

आमच्या भाभी अकरा वर्षांपासून नर्स आहेत. सांगलीतल्या एका खाजगी रुग्णालयात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात त्यांची ड्यूटी असते. मागच्या पावसाळ्यात एकदा रात्रपाळी संपायला तासभर उरला असताना एका धिप्पाड रुग्णाला खाटेवरून ट्रॉलीवर घ्यायचे होते. या कामाला तीन-चार माणसे लागतात. जोडीची सिस्टर दुसऱ्या रुग्णाचे सलाइन लावत होती आणि वॉर्डबॉय एक्स-रे विभागात गेला होता. शेवटी भाभी आणि रुग्णाचा मुलगा अशा दोघांनीच उचलले. तेवढ्यात रुग्ण ट्रॉलीच्या कडेवरून घसरू लागला. तो पडू नये म्हणून भाभींनी वाकून, कंबर पिळवटून त्याला सावरले. रुग्णाला काही झाले नाही. भाभींच्या कमरेत मात्र अशी उसण भरली की त्यांना सरळ उभे राहता येईना.

दोन दिवसांत कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरली. तपासणीत कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबत असल्याचे दिसले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांची रजा लिहून दिली. वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, फार वेळ एका जागी बसायचे नाही. नुसते अंथरुणाला खिळूनही राहायचे नाही, रोज थोडे थोडे चालायचे आणि कळ कमी झाली की व्यायाम सुरू करायचे. अशा दुखण्यातले बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, असे त्यांनी सांगितले तेव्हा आम्हा सर्वांचा जीव भांड्यात पडला.

आता आमची चूक सांगायला हवी. भाभी रजेवर आहेत याचा अर्थ आमच्या घराने असा घेतला की भाभी आता दिवसभर घरी आहेत. अम्मींनी भांडीवालीला महिनाभर सुट्टी दिली. "तेवढेच पैसे वाचतील," त्या म्हणाल्या. भाईजानांचा डबा, मुलांची शाळा, सकाळी नळाला पाणी आले की बादल्या भरणे, हे सारे हळूहळू भाभींकडे गेले. इयादतीला पाहुणे येत. "तुम्ही आराम करा हं," असे म्हणत आणि भाभींनीच केलेला चहा पिऊन जात. कोणी त्यांना जुंपले नव्हते. कोणी थांबवलेही नाही.

बाराव्या दिवशी फजरला उठल्यावर भाभींच्या लक्षात आले की डाव्या पायाचा पंजा नीट वर उचलत नाही. चप्पल फरफटत होती. आम्ही त्याच सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय तपासला आणि विचारले, "घरात पाणी कोण भरतं?" आम्ही सगळे गप्प. "कणीक कोण मळतं?" कोणीच बोलले नाही. मग ते म्हणाले, "मी सिस्टरांना रजा दिली होती, तुम्हाला नाही." पंजाची ताकद आणखी कमी झाली तर शस्त्रक्रिया करावी लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद वेगाने कमी होऊ लागली, तर एक तासही न थांबता रुग्णालय गाठा, हेही बजावले. कंबरदुखी असलेल्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे.

परत येताना भाईजानांनी विचारले, "तू सांगितलं का नाहीस?" भाभी म्हणाल्या, "दुसऱ्यांना उठवायची सवय आहे हो मला. स्वतः पडून राहायला लाज वाटते. तिकडे वॉर्डात दोघी तिघींचं काम करताहेत, आणि इथे मी खाटेवर बसून अम्मींच्या हातचं खायचं?" आम्हाला वाटते, ही लाज अनेक नर्स भगिनींच्या मनात असते. सेवा करणाऱ्याला सेवा घेता येत नाही, आणि घरालाही ती देण्याची सवय नसते.

अम्मींचे मन बदलले ते नमाजमुळे. सजदा करता येत नाही म्हणून भाभी फार कष्टी होत्या. अम्मींनी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून घ्यायला सांगितले. त्यांनी समजावले की उभे राहणे जमत नसेल तर बसून, बसणेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करण्याची तालीम खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका आजारी सहाबींना दिली होती. रुकू आणि सजदा इशाऱ्याने करावा, सजद्यासाठी मान रुकूपेक्षा थोडी अधिक झुकवावी. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात कमीपणा नाही. शरीर ही अमानत आहे आणि त्या शरीराचा आपल्यावर हक्क आहे.

त्या रात्री अम्मी जेवताना म्हणाल्या, "अल्लाहनं हिला सजद्यासाठी वाकायची सक्ती केली नाही, आणि मी चुलीपुढं वाकवत होते." एवढे बोलून त्या उठल्या आणि भांडीवालीला फोन लावायला सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामे वाटून घेतली. पाणी भाईजानांनी भरायचे. कणीक आणि भाकरी आम्ही धाकट्यांनी पाळीपाळीने करायच्या. कपडे वाळत घालणे मुलांकडे. भाईजानांना सुरुवातीला अवघडल्यासारखे झाले, तेव्हा अम्मींनीच त्यांना आठवण करून दिली की हजरत आयेशा (रजि.) यांच्या सांगण्यानुसार प्रेषित (स.) घरात असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत. पाहुण्यांना चहा आम्ही देऊ लागलो, आणि इयादत दहा मिनिटांत आटोपू लागली. भाभींच्या खाटेजवळ पाणी, औषधे आणि फोन कमरेच्या उंचीवर ठेवले, म्हणजे वाकावे लागू नये. आठवडाभरात कळ उतरू लागली. पंजात ताकद यायला मात्र दोन महिने लागले. अल्हम्दुलिल्लाह, शस्त्रक्रिया टळली.

दुसरी काळजी पैशांची होती. भाभींचा पगार 18,000 रुपये, आणि घराचा हप्ता त्यातूनच जातो. त्यांच्या पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ई.एस.आय.ची वर्गणी कापली जात होती. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ही योजना, ती लागू असलेल्या ठिकाणी, मिळते. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. आम्हाला वाटायचे, ई.एस.आय. म्हणजे दवाखाना आणि गोळ्या. रजेच्या काळात रोख रक्कमही मिळते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यातही एक मोठा फरक आहे. साध्या आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस सरासरी वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. कामावर असताना आणि कामामुळे इजा झाली असेल तर ती तात्पुरती अपंगता धरतात, आणि इजा बरी होईपर्यंत 90 टक्के मिळतात. ढोबळ हिशेबाने भाभींच्या बाबतीत महिन्याला 12,600 आणि 16,200 असा हा फरक होता. रुग्णालयाच्या कागदांत भाभींची रजा 'आजारपण' म्हणून चढली होती. त्या रात्री भाभींनी अपघात नोंदवहीत नोंद केली नव्हती, कारण ड्यूटी सोपवायची घाई होती. नंतर जोडीच्या सिस्टरचा लेखी जबाब, पहिल्या दिवसाचा केसपेपर आणि अर्ज असे सारे घेऊन भाईजानांना चार चकरा माराव्या लागल्या. अखेर अपघाताचा अहवाल गेला आणि रक्कम खात्यात जमा झाली. भगिनींनो, कामावर उसण भरली, सुई टोचली किंवा पाय घसरला, तरी त्याच पाळीत नोंद करा आणि नोंदीचा फोटो जवळ ठेवा.

भाभी कामावर परतल्या तेव्हा तिसरा महिना सरत आला होता. 'फिट' म्हणून दाखला घेण्याआधी त्यांनी डॉक्टरांकडून लिहून घेतले: सहा आठवडे रात्रपाळी नको, रुग्ण उचलणे नको. मेट्रन आधी नाराज झाल्या, मग त्यांना बाह्यरुग्ण विभागात इंजेक्शन खोली दिली. आता वॉर्डात परतल्यावरही भाभी एकट्याने रुग्ण हलवत नाहीत. चादरीखाली दुमडलेली दुसरी चादर घालून चौघे मिळून सरकवतात. माणूस येईपर्यंत थांबतात. नव्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी हेच शिकवतात.

इस्लामच्या इतिहासात शुश्रूषेला मोठा मान आहे. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्यासाठी मस्जिदे नबवीत तंबू लावला गेला, जेणेकरून प्रेषितांना (स.) जवळून त्यांची विचारपूस करता यावी. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव याच तंबूशी जोडलेले आहे. जखमी माणसाची जागा तेव्हा मस्जिदीत, सर्वांच्या नजरेसमोर होती. आज आपल्या लेकी-सुना मोठ्या संख्येने नर्सिंग शिकत आहेत आणि आपण त्यांचा अभिमान बाळगतो. त्यांच्यापैकी एखादी जखमी होऊन घरी आली, तर आपल्या घरात तिच्यासाठी तेवढी जागा असते का, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

आम्ही ते बारा दिवस उशिरा विचारले. अल्लाह तआला आमची चूक माफ करो, आणि जगाची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येक हाताला तंदुरुस्ती देवो. आमीन.