छपराकडे लागलेले डोळे

क्रिकेटच्या मैदानाची चर्चा बहुधा खेळपट्टी, सीमारेषेचे अंतर आणि प्रकाशझोत यांच्याभोवती फिरते. छप्पर हा मात्र मैदानाचा असा भाग आहे, की त्याचा खेळाडूंशी फारसा संबंध येत नाही आणि त्याचा जवळजवळ सगळा उपयोग तिकीट काढून बसणाऱ्या माणसाला होतो. त्यामुळे एखाद्या मैदानाचे जुने छप्पर उतरवून नवे चढवण्याचे काम निघाले, की कोणता खांब गेला, कोणती कमान उभी राहिली आणि कापड कुठवर आले याची खडान्‌खडा माहिती ठेवणारा वर्ग प्रेक्षकांतूनच तयार होतो. आपल्या बसण्याच्या जागेचा विचार कोणीतरी पुन्हा करत आहे, हे त्याला त्या कामात दिसत असते. पुणेकरांच्या बाबतीत हा विषय गहुंजेच्या मैदानापाशी येऊन ठेपतो.

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगत, मावळ तालुक्यातील गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने उभारलेल्या या मैदानाचे उद्घाटन १ एप्रिल २०१२ रोजी शरद पवार यांच्या हस्ते झाले. त्यापूर्वी पुण्यातले मोठे सामने स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळले ते तिथेच. गहुंजेचा आराखडा लंडनच्या मायकेल हॉपकिन्स यांच्या संस्थेने केला. हॉपकिन्स यांचे नाव छपरांच्या इतिहासात आधीच नोंदले गेलेले होते, कारण लॉर्ड्सच्या मैदानावर १९८७ मध्ये पुरा झालेला, तंबूंच्या शिखरांसारखे पांढरे कापडी छत मिरवणारा माउंड स्टँड त्यांचाच. गहुंजेतही पॅव्हेलियनच्या बाजूंना असे ताणलेले कापडी छत आले. उरलेल्या बहुतांश स्टँडवर मात्र आकाश मोकळे राहिले.

या मोकळ्या आकाशाचा अर्थ ऑक्टोबर २०२४ मध्ये साऱ्या देशाला कळला. भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील दुसरी कसोटी २४ ऑक्टोबरला सुरू झाली, तेव्हा पावसाळा ओसरल्यानंतरचे, पुणेकर ज्याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात ते ऊन अंगावर घेत हजारो प्रेक्षक दिवसभर बसले होते. त्यातच पिण्याचे पाणी अपुरे पडले, रांगा लागल्या, घोषणा झाल्या आणि संघटनेला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. वॉशिंग्टन सुंदरचे पहिल्या डावातील सात बळी आणि मिचेल सँटनरचे सामन्यातील तेरा बळी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांपैकी अनेकांनी ते डोक्यावर रुमाल किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र धरून पाहिले. मैदानात छत्री चालत नाही, पाण्याची बाटली आत नेता येत नाही आणि दुपारी बारानंतर प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ हाताला चटका देते. अशा ठिकाणी तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या कुटुंबाने चहापानापूर्वीच उठून जाणे यात क्रिकेटप्रेमाची कमतरता नाही. पाणी अपुरे पडले ही एका दिवसाची चूक होती आणि ती टँकर आणून भरून काढता आली. सावली नसणे ही बांधकामातील उणीव आहे आणि ती दर सामन्याला तशीच राहते.

ही उणीव भरून काढता येते याचा सर्वांत जवळचा दाखला मुंबईत आहे. शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या वानखेडे स्टेडियमवर पहिली कसोटी जानेवारी १९७५ मध्ये झाली आणि २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची मोठी पुनर्बांधणी झाली. तीत सर्वांत डोळ्यांत भरणारा बदल होता तो छपराचा. मैदानाची एक बाजू पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून असल्यामुळे हे काम लोकांपासून लपवणे शक्यच नव्हते. चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या दरम्यान लोकलच्या दारात उभा असलेला प्रवासी रोज सकाळ-संध्याकाळ काही क्षण ते पाही. वेळेत पुरे होईल का, हा प्रश्न गंभीर होता, कारण त्याच वर्षी काम अपुरे राहिल्यामुळे कोलकात्याच्या ईडन गार्डन्सला भारत-इंग्लंड सामना गमवावा लागला आणि तो बंगळूरूला गेला. वानखेडेवर अखेर १३ मार्चला न्यूझीलंड-कॅनडा सामना झाला आणि २ एप्रिलला अंतिम सामना. त्या रात्री भारत जिंकला तो याच नव्या छपराखाली.

वानखेडेच्या छपराला कॅन्टिलिव्हर पद्धतीचे छप्पर म्हणतात, म्हणजे एका टोकाला पक्के धरलेले आणि दुसऱ्या टोकाला अधांतरी पुढे आलेले. घराच्या बाल्कनीची रचना याच तत्त्वावर असते. पुढच्या बाजूला खांब नसल्यामुळे कोणाच्याही नजरेआड खेळपट्टी येत नाही, आणि खांबामागची जागा वाट्याला आलेल्या ज्या प्रेक्षकाने अर्धा सामना मान वाकडी करून पाहिलेला असतो त्यालाच या गोष्टीची खरी किंमत कळते. वर पसरलेले कापड टेफ्लॉनचा लेप दिलेले आहे. नॉनस्टिक तव्यावर असतो तोच हा लेप, आणि त्याला काही चिकटत नसल्यामुळे धूळ पहिल्या पावसात धुऊन निघते. छपरावर तापलेली हवा बाहेर खेचणारे पंखे आहेत, त्यामुळे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला स्टँडमध्ये वाट मिळते.

पत्रा किंवा काँक्रीट सोडून कापडच का, याचे उत्तर वजनात आहे. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचे वजन एका चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो भरते, तर लेप दिलेल्या कापडाचे एक-दीड किलोच्या आसपास. छत हलके झाले की त्याला पेलणारे खांब, तुळया आणि पाया हे सगळेच हलके होते, आणि म्हणूनच आधी उभ्या असलेल्या स्टँडवर नंतर छप्पर चढवायचे असेल तर कापडाचा विचार प्रथम होतो. शिवाय असे कापड ऊन परतवते आणि थोडा उजेड आत झिरपू देते, त्यामुळे खाली अंधार न पडता मऊ सावली मिळते. उलट तापलेला पत्रा खालच्या माणसाला भाजून काढतो.

हलकेपणाचा तोटा म्हणजे वारा. अशा छपराला वजनाने खाली येण्याचे भय कमी आणि वाऱ्याने वर उचलले जाण्याचे भय अधिक असते. गणेशोत्सवात मांडव घालणाऱ्या पुण्यातील कारागिरांना ही गोष्ट पुस्तकाशिवाय ठाऊक आहे: दोर सैल राहिला की ताडपत्री फडफडते, फडफडली की शिवणीतून फाटते, आणि सपाट बांधली तर पावसाचे पाणी साचून तिला पोट येते, मग खालून बांबूने ढोसून ते पाणी उतरवावे लागते. स्टेडियमच्या छपराचे शास्त्र याच तीन अडचणींवरचा उपाय आहे. कापड कधीही सपाट ठेवत नाहीत. घोड्याच्या खोगिरासारखे ते एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळवतात, म्हणजे वारा खालून आला तरी एका दिशेचे धागे ताण घेतात आणि वरून दाब आला तर दुसऱ्या दिशेचे. पाण्याला उतार आपोआप मिळतो. तुकडे कारखान्यातच मापाने कापून उष्णतेने एकमेकांना जोडतात, कडांमधून पोलादी दोर ओवतात, आणि जागेवर चढवल्यावर सर्व टोके थोडी थोडी, फिरून फिरून ओढत जातात. एकच टोक एकदम ओढले तर सुरकुती पडते आणि तिथेच पुढे कापड फाटते. काचेच्या तंतूंच्या कापडाला तर वाहतुकीतही चुकीची घडी पडून चालत नाही, कारण घडीवर तंतू तुटतात. हे काम पाहणाऱ्याला पहिल्या दिवशी लोंबणारे मळकट कापड दिसते आणि काही दिवसांनी त्याच जागी ढोलाच्या पानासारखे ताठ छत दिसते. प्रेक्षकांना या कामाची गोडी लागते ती याच बदलामुळे.

हॉपकिन्स यांच्याच संस्थेने चेन्नईच्या चेपॉक मैदानासाठी २०११ च्या सुमारास नवे स्टँड आखले. तिथे जुन्या जड छपराच्या जागी शंकूच्या आकाराची कापडी छते आली आणि समुद्राचा वारा आत घेण्यासाठी स्टँडच्या मधे मोकळ्या जागा सोडल्या गेल्या. परंतु परवानग्यांच्या वादात त्यांतील तीन स्टँड अनेक वर्षे कुलूपबंद राहिले आणि कोऱ्या छपराखालच्या कोऱ्या खुर्च्या रिकाम्या दिसत राहिल्या. छप्पर बांधून होणे आणि ते प्रेक्षकाच्या डोक्यावर येणे यांत असे अंतर पडू शकते.

आणि वाऱ्याचे भयही खोटे नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन चक्रीवादळाने ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल मैदानाचे कापडी छप्पर चिंध्या करून टाकले. तिथल्या टँपा बे रेज संघाला २०२५ चा पूर्ण हंगाम जेमतेम अकरा हजार प्रेक्षकांच्या परक्या मैदानावर खेळावा लागला. त्याच वर्षी नव्या कापडाचे तुकडे एकेक करून चढू लागले, तेव्हा संघाच्या चाहत्यांसाठी प्रत्येक तुकडा हा घरी परतण्याच्या वाटेवरचा एक टप्पा होता. माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियमच्या नशिबी तर फाटलेल्या छपरांची मालिकाच आली, आणि तिसरे छप्पर कापडाऐवजी टणक असावे असा निर्णय झाला.

कापडाने प्रेक्षकांना सावली देण्याची कल्पना नवी नाही. रोमच्या कोलोसियमवर दोरांनी ओढून घेण्याची कापडी छते होती आणि ती हाताळायला खलाशी नेमलेले असत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात कोलोसियम पाहिले आणि कोल्हापूरला खासबाग मैदान उभारले. त्यातला गोल घेर इथे आला, कापडी छत मात्र आले नाही, आणि कुस्तीशौकीन आजही उघड्यावरच बसतो. त्या मैदानाला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडून त्याचे छत कोसळले, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. इमारतीवर लोकांचा जीव जडतो तो असा.

गहुंजेला छपराची गरज उन्हापुरती नाही. २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगचे सामने इथे ऐन जूनमध्ये झाले आहेत, आणि मावळातला जून म्हणजे सह्याद्रीवरून उतरणारा पाऊस. पहिल्याच वर्षी अंतिम सामना पावसात वाहून गेला आणि साखळीत अव्वल असल्यामुळे रत्नागिरी जेट्स विजेते ठरले. पाऊस थांबण्याची वाट पाहायला उघड्या स्टँडमधल्या माणसाला जागा नसते. तो निघून जातो आणि पुन्हा येत नाही.

आणखी एक हिशेब जवळ आला आहे. लेप दिलेले पॉलिस्टरचे कापड साधारण पंधरा ते वीस वर्षे आणि टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतूंचे कापड पंचवीस-तीस वर्षे टिकते. गहुंजेच्या पॅव्हेलियनवरचे छत २०१२ चे आहे. २०२७ मध्ये ते पंधरा वर्षांचे होईल आणि त्याची कसून तपासणी, कदाचित बदलही, अटळ ठरेल. जुने कापड बदलण्याचे आणि उघड्या स्टँडवर नवे चढवण्याचे काम एकत्र आखले तर आराखडा, क्रेन आणि कुशल कारागीर एकदाच आणावे लागतील. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने हे काम हाती घ्यावे, कोणत्या स्टँडवर सावली केव्हा येणार याचा नकाशा आणि वेळापत्रक मैदानाच्या प्रवेशद्वारावर लावावे, आणि पुण्यातील पुढच्या कसोटीची तिकिटे विकताना प्रत्येक जागेपुढे ती उन्हातली आहे की सावलीतली, हे आजपासूनच स्पष्ट छापावे.