संगणकाची धूळ झाडतांना

दिवाळीच्या झाडलोटींत संगणकाची पेटी उघडणारा गृहस्थ आधीं प्लग काढतो आणि निर्धास्त होतो. तेथेंच गफलत होते. वीजपुरवठ्याच्या पत्र्याच्या डब्यांत घरांतील २३० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह एकदिश होतो, त्याचा दाब सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो व वीज कपॅसिटर नांवाच्या नळकांड्यांत सांठते. प्लग काढल्यावरहि ती कांहीं काळ टिकूं शकते. त्या डब्यांत पेचकस कदापि घालूं नये. जाळीवरील धूळ बाहेरूनच मऊ कुंचल्यानें काढावी.

इतरत्र भय उलट आहे: तेथें यंत्रालाच माणसापासून जपावें लागतें. कोरड्या हवेंत अंगावर सांठलेली वीज, माणसास जाणवलीहि नाहीं तरी, नाजूक चिप निकामी करूं शकते. म्हणून आंतील भागांस शिवण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिकची नळी तर दूरच बरी. धूळ ओढतांना तिच्यावरहि अशीच वीज सांठते.