मॅमोग्राफी : किरणमात्रा किती आणि चित्र किती विश्वासार्ह?

बेंगळुरू : किदवई स्मारक कर्करोग संस्थेत १९८२ पासून बेंगळुरूमधील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जात आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा आरंभ ज्या मोजक्या शहरांतून झाला, त्यांत मुंबई व चेन्नईसह बेंगळुरूचा समावेश होता. त्या काळी येथील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी होता. आज ते स्थान स्तनाच्या कर्करोगाने घेतले आहे. साहजिकच मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, शहरी स्त्रियांच्या परिचयाची झाली. या यंत्राची तपासणी कोण व कशी करतो, याची माहिती मात्र फारशी कोणाला नसते.

गाठ आणि निरोगी ऊती यांच्या घनतेतील फरक अत्यल्प असतो. तो उठून दिसावा म्हणून मॅमोग्राफीत साधारणतः २५ ते ३२ किलोव्होल्ट इतक्या कमी दाबावर निर्माण केलेले मृदू किरण वापरतात. असे किरण शरीरात अधिक शोषले जातात आणि स्तनांतील ग्रंथी प्रारणांना संवेदनशील असतात. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २००७ मध्ये स्तनांसाठीचा जोखीम-गुणांक ०.०५ वरून ०.१२ केला, तो याच कारणाने.

भीती बाळगण्याजोगी ही मात्रा नव्हे. दोन्ही स्तनांच्या मिळून चार चित्रांतून शरीराला सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानुसार प्रमाणित जाडीच्या स्तनाच्या एका चित्रासाठी ग्रंथींना ३ मिलिग्रे ही कमाल मर्यादा आहे.

मात्रा केवळ कमी करत जाणे हाही उपाय नाही. कर्करोगाची पहिली खूण अनेकदा मिलिमीटरच्या अंशाएवढे कॅल्शियमचे कण हीच असते. किरण अपुरे पडले की चित्र रवाळ होते, हे कण त्यात हरवतात आणि स्त्री निर्धास्त होऊन घरी जाते. म्हणून यंत्राची परीक्षा ‘फँटम’ नावाच्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर घेतात. प्रचलित अमेरिकी फँटममध्ये ६ तंतू, कणांचे ५ समूह आणि ५ कृत्रिम गाठी दडवलेल्या असतात. त्यांपैकी किमान ४ तंतू, ३ समूह आणि ३ गाठी चित्रात दिसल्या पाहिजेत.

फिल्मच्या काळात मात्रा जास्त झाली की फिल्म काळी पडे आणि चूक तत्काळ ध्यानात येई. डिजिटल यंत्रात तसे होत नाही. संगणक उजेड-अंधार सावरून घेतो. उलट मात्रा जितकी अधिक, तितके चित्र देखणे. परिणामी मात्रा हळूहळू वाढत गेली तरी तक्रार कोणीच करत नाही. ही वाढ मोजमापाखेरीज उघड होत नाही, आणि नेमके हेच काम गर्दीच्या केंद्रांत मागे पडण्याचा संभव असतो.

देशात क्ष-किरण यंत्रांचे नियमन मुंबईत अणुशक्तीनगर येथे मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. यंत्र वापरण्यास मंडळाची संमती लागते आणि दर दोन वर्षांतून किमान एकदा गुणवत्ता चाचणी बंधनकारक आहे. त्यात किलोव्होल्ट, किरणांची भेदनक्षमता, गळती आदी तपासले जाते. केंद्राकडे या चाचणीचा अहवाल मागण्यास कोणीही संकोचू नये.

स्तन दाबून धरण्याची क्रिया अनेकींना नकोशी वाटते. परंतु जाडी कमी झाल्याने किरण कमी लागतात, विखुरणे घटते आणि हालचालीमुळे चित्र पुसट होत नाही. चित्र बिघडले तर ते पुन्हा घ्यावे लागते, म्हणजे त्या स्तनाला अधिक मात्रा.

भारतात सर्व स्त्रियांसाठी सरसकट मॅमोग्राफीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयोगटासाठी प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून हाताने तपासणीची शिफारस आहे. तपासणीत शंका आली वा डॉक्टरांनी सुचवले, तर मॅमोग्राफीला जाताना जुनी चित्रे सोबत न्यावीत. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये. त्यांचे कण चित्रात कॅल्शियमसारखेच पांढरे दिसतात.