पटावरची असई

युद्धखेळ म्हणजे नकाशा, सोंगट्या, फासे आणि लेखी नियम यांच्या आधारे लढाई पुन्हा लढून पाहण्याची पद्धत. एखाद्या विशिष्ट लढाईची भूमी, फौजा, वेळ आणि जयापजयाच्या अटी ज्यात ठरवून दिलेल्या असतात, ती त्या खेळातील मांडणी होय. प्रशियाचा तरुण अधिकारी राइसविट्स याने 1824 मध्ये अशा खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात एक पाळी दोन मिनिटांची असे आणि निवाडा पंचाकडे असे. या खेळाचा पुरस्कार करणारा प्रशियाचा सेनाधिकारी म्युफ्लिंग 1815 मध्ये वॉटर्लूच्या वेळी वेलिंग्टनच्या तळावर प्रशियाचा प्रतिनिधी होता, आणि याच वेलिंग्टनने, तेव्हाच्या आर्थर वेलस्लीने, 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रजांकडून मराठ्यांविरुद्ध असईची लढाई जिंकली होती.

असई आज जालना जिल्ह्यात असली तरी सिंधुदुर्गातील वाचकाला ती परकी नाही. सावंतवाडीच्या तिसऱ्या खेमसावंतांनी 1763 मध्ये जयाजी शिंद्यांच्या कन्येशी विवाह केला होता, त्यामुळे असईला वेलस्लीविरुद्ध उभे ठाकलेले दौलतराव शिंदे हे सावंतवाडीच्या सोयऱ्यांच्या घराण्यातले होते. असईचा पराभव झाला त्याच वर्षी खेमसावंत निवर्तले. पुढे नऊ वर्षांनी, 1812 मध्ये, कोल्हापूरकरांना मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांच्या हवाली करावा लागला.

मांडणी करणाऱ्याची पहिली कसोटी लागते ती केळणा नदीच्या उतारावर. केळणा आणि जुई या नद्यांमधल्या निमुळत्या पट्ट्यावर मराठी फौज उभी होती आणि केळणेला उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले होते. मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताच, ती वसली आहेत त्याअर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने केले आणि फौज पार नेली. तो उतार नकाशावर उघड छापला तर या अनुमानाला काही मोल उरत नाही, कारण दोन्ही खेळाडूंना निकालाची किल्ली आधीच हाती लागते. म्हणून उतार पंचापुरता गुप्त ठेवणारी मांडणीच अधिक प्रामाणिक मानली पाहिजे.

दुसरी कसोटी मनोबलाची. मार खाऊनही तुकडी किती काळ टिकून राहील हे दर्शवणारा आकडा म्हणजे मनोबल. वेलस्लीकडे सुमारे साडेनऊ हजार माणसे होती, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास म्हैसूरकर व पेशव्यांच्या बाजूचे घोडेस्वार होते. समोर दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ, शंभराच्या घरात तोफा आणि प्रचंड घोडदळ होते. संख्येतील ही तफावत भरून काढण्यासाठी मराठ्यांच्या पलटणींना कमकुवत मनोबल देण्याचा मोह सहज होतो, पण तसे करणे इतिहासावर अन्याय ठरेल. इंग्रज बगलेवर येताच पोलमान या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखालील कंपूंनी, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणींनी, आपली संपूर्ण फळी काटकोनात फिरवली, आणि हे काम अत्यंत कसलेल्या फौजेलाच साधते. शत्रूचे पायदळ अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा उलट वळवून पाठीमागून मारा केला. अशा माणसांना पटावर दुबळे ठरवणे समर्थनीय नाही.

खरी उणीव हुकमतीत होती, आणि नियमांतही ती तिथेच दिसायला हवी. शिंदे व त्यांचे साथीदार नागपूरकर भोसले यांच्या घोडदळाचा मोठा भाग निर्णायक झुंजीत उतरलाच नाही. म्हणून मराठी खेळाडूला सोंगट्या भरपूर द्याव्यात, पण एका पाळीत त्यांतील मोजक्याच हलवण्याची मुभा असावी आणि स्वारांना चाल देण्यासाठी फाशाचे दान पडावे लागावे. इंग्रजांच्या बाजूलाही हुकमाचा घोटाळा झाला होता. ऑरॉक या अधिकाऱ्याची आघाडीची तुकडी भरकटून असई गावाच्या तोफांसमोर गेली, तिच्यामागे 74 वी हायलँडर पलटणही गेली आणि तिथे तिची अक्षरशः कत्तल झाली. ही चूकही फाशावर सोपवणे योग्य ठरते.

राहतात त्या जयापजयाच्या अटी. संध्याकाळी मैदान व 98 तोफा इंग्रजांच्या हाती आल्या, पण त्यांचे 428 जण ठार आणि 1,100 हून अधिक जखमी झाले. त्यामुळे मैदान गमावणाऱ्या मराठी खेळाडूलाही, इंग्रजांची हानी याहून वाढवल्यास, विजयाचे गुण मिळायला हवेत.