बालवीरांच्या टपालाचीं पाकिटें

पोस्टाचीं तिकिटें जमविण्याचा नाद आपल्याकडील सुशिक्षित घरांना नवा नाहीं. आलेलें पत्र वडील मंडळींचें वाचून होतें न होतें तोंच पाकिटाचा कोपरा कातरून पळविणारें एखादें मूल प्रत्येक एकत्र कुटुंबांत असावयाचेंच. तिकीट पाण्यांत सुटलें, टिपकागदावर वाळलें, वहींत चिकटलें. आणि उरलेलें पाकीट गेलें बंबांत! या शेवटच्या क्रियेबद्दल आमची तक्रार आहे. तिकीट ही केवळ भरलेल्या हांशिलाची पावती होय. पत्र कोठून निघालें, किती दिवसांनीं पोंचलें, वाटेंत कोणीं उघडून तपासलें, ही सारी हकीकत पाकिटाच्या अंगावर असते. बालवीरांच्या, म्हणजे स्काउटांच्या, जुन्या टपालाचा संग्रह करणाऱ्यास तर हें पदोपदीं पटतें. कारण त्यांतील कित्येक पत्रें मुलांनींच पोंचविलेलीं आहेत.

या संग्रहाचा आरंभ बालवीर-चळवळीच्याही आधीं होतो. दक्षिण आफ्रिकेंतील मॅफेकिंग (आजचें माहिकेंग) या लहानशा गांवास बोअर लोकांनीं १३ ऑक्टोबर १८९९ पासून १७ मे १९०० पर्यंत, म्हणजे २१७ दिवस, वेढा घातला होता. आंतील इंग्रज शिबंदीचे मुख्य कर्नल बॅडन-पॉवेल हे होते. मोठीं माणसें तटबंदीवर हवीं असल्यामुळें लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनीं गांवांतील मुलांचें एक पथक उभारलें व निरोप आणि पत्रें पोंचविण्याचें काम त्यांजकडे दिलें. प्रथम हीं मुलें गाढवांवर बसून जात. पुढें अन्न तुटूं लागलें, गाढवें स्वयंपाकघरांत गेलीं आणि मुलांच्या वाट्यास सायकली आल्या.

१९०० च्या एप्रिलांत या वेढलेल्या गांवानें स्वतःचीं तिकिटें काढलीं. गांवांतल्या गांवांत एक पेनी, बाहेरच्या ठाण्यांकरितां तीन पेन्स. इंजिनियर लोक नकाशांच्या निळ्या प्रती काढीत त्याच प्रकाशचित्रणाच्या पद्धतीनें तीं छापलीं. म्हणून तीं सारीं निळीं. तीन पेन्सांच्या तिकिटावर बॅडन-पॉवेल यांची छबी आहे. तें दोन रुंदींचें आढळतें, एक साडेअठरा मिलिमीटरांचें व दुसरें एकवीसांचें. एक पेनीच्या तिकिटावर मात्र मुलांच्या पथकाचा सार्जंट-मेजर वॉर्नर गुडइयर हा सायकलीवर बसलेला दाखविला आहे. ज्या काळीं तिकिटावर येण्यास राजवंशांतच जन्मावें लागे असें वाटे, त्या काळीं एका पोरसवद्या मुलास हा मान मिळावा, हें आम्हांस फार मोठें वाटतें.

परंतु गांवाबाहेर जाणारीं पत्रें हीं मुलें नेत नसत. तीं आफ्रिकी जासूद बोअरांच्या पहाऱ्यांतून, रात्रीच्या अंधारांत, प्राण पणास लावून नेत. त्या पत्रांसाठीं जुन्याच तिकिटांवर ‘मॅफेकिंग वेढ्यांत’ अशा अर्थाचे शब्द व नवी किंमत छापून काम भागविलें गेलें. या जासुदांपैकीं एकाचीही छबी कोणत्याही तिकिटावर आली नाहीं. त्यांच्या धाडसाची खूण उरली आहे ती पाकिटांवरच. तिकीट कातरून घेणारा नेमकी तीच टाकून देतो.

पुढें १९०७ च्या ऑगस्टांत ब्राउनसी बेटावर पहिलें शिबिर भरलें, आणि १९०८ सालीं निघालेल्या आपल्या पुस्तकांत बॅडन-पॉवेल यांनीं मॅफेकिंगच्या मुलांची हकीकत आरंभींच सांगितली.

बालवीरांचें खरेंखुरें टपाल पाहावयाचें तर १९१८ च्या प्राग शहरांत जावें लागतें. २८ ऑक्टोबरला चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्रीय समितीचे कागद शहरांत पोंचविण्याचें काम बालवीरांनीं अंगावर घेतलें व त्यासाठीं ७ नोव्हेंबरला दहा हेलरचें निळें आणि वीस हेलरचें तांबडें अशीं दोन तिकिटें निघालीं. २५ नोव्हेंबरला हें टपाल बंद झालें. पुढें २१ डिसेंबरला अध्यक्ष मासारिक राजधानींत आले, तेव्हां त्याच तिकिटांवर त्यांच्या आगमनाची अक्षरें छापण्यांत आलीं. या तिकिटांच्या बनावट प्रती बाजारांत फार. कोरें तिकीट पाहून भुलूं नये. शिक्का, तारीख, पत्ता व कागद हीं चारही एकमेकांशीं जुळणारें अखंड पाकीटच विश्वासास पात्र, आणि तें दुर्मिळही आहे.

यानंतर १९२० सालीं सयामनें बालवीरांच्या निधीसाठीं तिकिटांवर वाघाचें तोंड छापलें. १९३३ च्या गोडोलो येथील मेळाव्यासाठीं हंगेरीनें उड्या मारणारा हरिण काढला. १९३७ च्या मेळाव्यासाठीं हॉलंडनें तीन तिकिटें काढलीं. हीं दिसावयास सुंदर आहेत, परंतु मेळाव्यांतील बरीच पाकिटें संग्राहकांसाठींच मुद्दाम शिक्का मारून घेतलेलीं असतात. आम्हांस तीं लग्नांतल्या रुखवताप्रमाणें वाटतात : पाहावीं, वाखाणावीं, पण त्यांनीं भूक भागत नाहीं.

याच्या अगदीं उलट वॉर्सॉचीं पत्रें. १ ऑगस्ट १९४४ रोजीं त्या शहरानें जर्मनांविरुद्ध उठाव केला व तो ६३ दिवस चालला. शहराचे तुकडे पडले. आई एका भागांत, मुलगा दुसऱ्या भागांत. अशा वेळीं बारा ते पंधरा वर्षांच्या बालवीरांनीं टपाल चालविलें. तळघरांतून, पडक्या भिंतींच्या आडोशानें, कधीं गटारांच्या भुयारांतून तीं पत्रें जात. हांशील नव्हतें, कोणी खुशीनें जखमींसाठीं पुस्तकें किंवा मलमपट्ट्या देई. पत्र पंचवीस शब्दांहून मोठें नसावें असा नियम होता, व तें तपासलें जाई. कमळवजा लिलीचा बालवीरांचा शिक्का आणि तपासनिसाची खूण असलेला तो कागदाचा कपटा हातीं धरिला, म्हणजे किंमतीचें पुस्तक चाळण्याची बुद्धि राहत नाहीं. पंचवीस शब्दांत माणूस काय लिहील? मी आहें, तुम्ही आहां ना?

आपल्या देशांत बालवीरांचें पहिलें पथक १९०९ सालीं बंगळूर येथें निघालें, पण आरंभीं तें गोऱ्या मुलांपुरतें होतें. हिंदी मुलांसाठीं ॲनी बेझंट आणि पंडित मदनमोहन मालवीय यांनीं निराळ्या संस्था उभ्या केल्या व ७ नोव्हेंबर १९५० रोजीं भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संस्था झाली. तेव्हां आजोबांच्या किंवा आजीच्या ट्रंकेंत एखाद्या शिबिराहून धाडलेलें कार्ड सांपडण्याचा संभव पुष्कळ घरांत आहे. सांपडल्यास त्यास कात्री लावूं नये, चिकटपट्टी लावूं नये. आंतील पत्र आंतच राहूं द्यावें आणि पाकीट उन्हापासून व दमटपणापासून जपावें. लिहिणारें माणूस हयात असेल तर त्याजपाशीं बसून शिबिर कोठें होतें, बरोबर कोण होतें, तें विचारावें, आणि मिळेल ती माहिती वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनें उतरून पाकिटाशेजारीं ठेवावी.